रकाना सात

तासगाव तहसील, चौथं टेबल.
पंखा होता, वीज नव्हती.
समोर दस्तगीर बाबालाल शिकलगार, वय चौऱ्याहत्तर,
धंदा : विळे-कात्र्यांना धार लावणे.
विचारलं, चळवळीत हुद्दा काय होता?
म्हणाला, लिवा की, अध्यक्ष.
कशाचे?
तो पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला.
आमच्या राज्याचा.
येरळेच्या अलीकडं अकरा वाड्या. पलीकडं इंग्रज.

मी पेन टेकवलं, लिहिलं नाही.

निवडणूक गुऱ्हाळात झाली, म्हणाला.
चुलवण पेटलेलं, तोंडं झाकलेली,
भिंतीवर वर गेलेल्या हातांच्या सावल्या मोजल्या.
एक जास्त भरली, ती खांबाची निघाली.
तुम्हालाच का निवडलं?
गावात मला भावकी न्हवती.

शिक्का रताळ्यावर कोरलेला.
आठवड्यात सुरकुतायचा राज्याचा शिक्का,
मग नवा कोरायचा,
जुना खजिनदाराची पोरं भाजून खायची.
खजिना म्हणजे वनस्पती तुपाचा डबा, सत्तावीस रुपये.
शेवटी मोजले तर एकोणतीस.
दोन रुपये कुणाचे, ते अजून कळलं न्हाई.
दंड : दोन पायल्या जोंधळा,
विकून रात्रशाळेच्या कंदिलाला घासलेट.

मग गप्प बसला बराच वेळ.
बाहेर कुणीतरी स्टॅम्प पेपरसाठी भांडत होतं.

पत्री एकदाच ठोकली.
हुकूम माझा. हातोडीबी माझ्याच दुकानातली.
खबऱ्या होता, खोटं न्हाई.
पण पुढं चाळीस वर्सं
त्याची फरफटती चप्पल यायची दुकानापातूर,
विळा धारेला टाकायचा,
पैसे द्यायचा, मी घ्यायचो न्हाई,
दगडावर ठेवून जायचा.
हे लिवू नका.

हेही लिहिलं नाही.

रकाना सात : तुरुंगवासाचा दाखला.
न्हाई.
का?
सापडलो असतो तर सरकार कसलं?
कागदपत्रं?
जाळली. एका रात्रीत, त्याच चुलवणात.
साक्षीदार?
वर बोट केलं. मी आढ्याकडे पाहिलं,
मग लक्षात आलं.
राजीनामा तरी दिला होता का कधी?
तो पहिल्यांदा हसला, खालचे दोनच दात.
कुणाकडं देनार सायेब?

तो गेल्यावर, दुपारी,
त्याच्या वाडीचा नकाशा काढला. सहज.
गट दोनशे चौदाचा बांध सरळ येतो
आणि मधेच पोट फुगवून वळसा घेतो
कशालाच.
तिथं जांभूळ होतं, म्हणाला होता तो.
दोघा भावांचा तंटा. कुऱ्हाड काढलेली.
मी निवाडा दिला :
बांध झाडाला वळसा घालून जाईल,
जांभळं एका सालाला थोरल्याची, एका सालाला धाकट्याची.
झाड केव्हाच गेलं.
मोजणीदारानं वळणाशी बारीक अक्षरात लिहिलंय :
वहिवाटीप्रमाणे.

नकाशाची नक्कल अर्जाला जोडली,
टाचणी मारली, वर पाठवली.
सात महिन्यांनी फाईल परत आली.
रकाना सात रिकामा.
खाली लाल शाईत शेरा :
जोडपत्राचा अर्जाशी संबंध कळत नाही.