पहारा, दोन ते चार

चव्वेचाळीसातला एक चार पुसला
की उरतं तिकडचं जुलैतलं तापमान.
हे वर्गात सांगितलं तर पोरं हसली,
मग सगळ्यांनी एकच विचारलं, पेंग्विन बघितलीस का?
पेंग्विन तिकडे नसतातच, ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला.
साखर पेठेत हे कुणाला पटत नाही.
एवढ्या लांब गेले, आणि पेंग्विन नाही म्हणे.

कसे गेलो ते मात्र कुणी विचारत नाही.
अंबादासमामा त्या शिडाच्या बोटीवर इंजिन बघतो,
चार बंक रिकामे राहिले होते.
अम्मानं दोन भिश्या उचलल्या,
नान्नानं आठातला एक माग विकला.
जुना होता, म्हणाला.
जुना नव्हता.

तिकडे रात्र होत नाही.
सूर्य नुसता कडेकडेनं फिरतो, बाजारात उगाच हिंडणाऱ्या माणसासारखा.
लोकेश झोपायचा आमच्याच कारखान्यातली चादर डोक्यावरून घेऊन,
मोराच्या नक्षीखाली
अंधार करून.
अस्वलाला वास लागेल म्हणून शेंगाचटणी
पिंपात कुलूपबंद, तंबूपासून शंभर पावलं.
कडक भाकरी वाटाड्यानं बिस्किट समजून चहात बुडवली
आणि तुटेना म्हणून बराच वेळ तिच्याकडे बघत बसला.

पाण्यात बर्फाचे तुकडे फसफसतात.
हजारो वर्षांपूर्वीची हवा आत अडकलेली, ती सुटते.
मी एक तुकडा नान्नाच्या कानाशी धरला, ऐक म्हटलं.
हो हो, म्हणाला. छान आहे.

पहारा पाळीनं असायचा.
आमची पाळी दोन ते चार, नान्नाची नि माझी.
हातात शिट्टी आणि दुर्बीण, बंदूक वाटाड्याच्या उशाशी.
मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती.
आमच्या गल्लीत पहाटेपासून खटक फटक, खटक फटक,
सगळेच ओरडून बोलतात.
लहानपणी मला वाटायचं, तेलुगू ही भाषाच
मोठ्या आवाजात असते.

तीन वाजून गेले असतील.
समोरच्या हिमनदीचा अख्खा एक मजला सुटला.
असा आवाज, की माझ्या दातांना कळला,
पक्षी उठले, तंबूत अम्मा काहीतरी बोलली,
आणि नान्ना
त्या बाजूला पाठ करून
थर्मासमधून चहा ओतत होता.
एक थेंब सांडला नाही.

नान्ना, म्हटलं. हळू.
नान्ना.
मग ओरडले नाही मी. का, माहीत नाही.
जाऊन त्याच्या बाहीला हात लावला.
तो वळला, आधी माझ्याकडे पाहिलं,
मग पाण्याकडे, तिथून लाट निघाली होती,
आरामात, जणू कुणाकडे जेवायला येतेय.
आम्ही दोघांनी मिळून रबरी होडी वर ओढली.
लाट आली, दगड भिजवले, आमचे बूट भिजवले, गेली.

किती दिवसांपासून, मी विचारलं.
हे त्याला ओठांवरून कळलं.
डावा गेला तू बालवाडीत असताना, म्हणाला,
उजवा अजून थोडा आहे.
मागाच्या आवाजात काही अडत नाही गं,
तिथं सगळेच बहिरे.
घरी सांगू नको.
मग चहा दिला. गार झाला होता.

आता मे चालू आहे. गच्चीवर पाणी मारलं
की फरशी चर्रर्र करते.
दुपारी वीज जाते, पेठेतले सगळे माग एकदम गप्प होतात,
आणि त्या शांततेत मला पोटात गोळा येतो,
आता कुणीतरी मागून त्याला हाक मारेल.
म्हणून वीज गेली की मी खाली जाते,
काही काम नसलं तरी,
सातव्या मागाशी त्याच्या समोर उभी राहते.
आठव्याची जागा रिकामी, जमिनीवर तेलाचा चौकोन.

अम्मा शेजारणीला सांगत होती,
पोरगी तिकडून आल्यापासून सुधारली,
आता जिन्यातून हाका मारत नाही,
समोर येऊन बोलते.