कोरी कीर्द

पहाटे साडेतीनला देवगडच्या जेटीवर
बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर थांबला
आणि त्याच्यामागोमाग सोसायटीचा सर्व्हर.
यूपीएस गेल्या शिमग्यापासून नुसता डबा आहे.
वीज पाचला आली.
डेटाबेस आला नाही.

काळ्या पडद्यावर एकच ओळ, पुन्हा पुन्हा:
वैध चेकपॉइंट सापडत नाही.
म्हणजे खलाशाला विचारावं, कुठून निघालास,
आणि त्यानं नुसतं पाण्याकडे बघावं.

माझे वडील पतपेढीत कारकून होते. सांगायचे,
आधी कीर्द, मग खतावणी.
जे घडलं ते घडलं त्या क्रमानं, ओळीखाली ओळ,
मग सावकाश ज्याचं त्याच्या पानावर.
खतावणी भिजली तर कीर्दीवरून परत उतरता येते.
कीर्द भिजली तर...
इथे ते चष्मा पुसायला घेत.

बॅकअप होता. शनिवारचा.
आज गुरुवार, आणि मधल्या दिवसांत
बांगडा असा लागला होता की क्रेट कमी पडले.

आधी सगळं फोल्डर जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं.
मोडकं असलं तरी मूळ ते मूळ.
एक्केचाळीस मिनिटं. बाहेर जैतूनबी
टोपली उलटी टाकून तिच्यावर बसली होती,
आणि मला खिडकीतून तिची फक्त पाठ दिसत होती.

मग ते अवजार. पहिल्यांदा हायफन एन लावून,
म्हणजे नुसतं सांग, करू नकोस.
त्यानं आकड्यांची एक रांग छापली,
पुढचा व्यवहार क्रमांक अमुक, पुढचं पान तमुक,
आणि वर स्वच्छ लिहिलं: अंदाजे.
त्या एका शब्दासाठी मला ते आवडलं.
आमच्या ऑडिटरनं तो कधी लिहिलेला नाही.

भिवा तारी दारात.
"काय गो, मशीन मेला?"
"मेला नाय. इसारता हा."
"माझा कर्जपण इसारांदे मगे."
मी हसले नाही. हायफन एफ टाईप केलं.
जबरदस्ती. एंटर.

क्षणसुद्धा लागला नाही.
कीर्द कोरी झाली
आणि सर्व्हर उठून बसला, काही झालंच नाही अशा थाटात.
व्यवहारांचे आकडे एकदम पुढे उडी मारून गेले.
मधले आता कुणालाच मिळणार नाहीत,
बुडालेल्या होडीचा नंबर
दुसऱ्या होडीवर रंगवत नाहीत तसे.

मग एकेक तपासायला बसले.
भिवाच्या खात्यातून बारा हजार चारशे निघालेले,
बर्फवाल्याच्या खात्यात पोचलेले नाहीत.
पैसे बंदरातून सुटले, कुठेच लागले नाहीत.
इंडेक्स म्हणतो, हशमत सोलकर, सुरमई, टोपल्या चार.
त्या पानावर जाऊन बघावं तर कोणी नाही.
आणि हशमत स्वतः बाहेर नळावर पाय धूत उभा.

जैतूनबीनं क्रेटचं झाकण आणलं,
कोळशानं ओढलेल्या रेघा, सतरा,
एक अर्धी पुसलेली. "ती पण धर," म्हणाली.
लिलावाचे खवळे डोळे मिटून
बुधवारची संध्याकाळ म्हणून दाखवू लागले,
बोली, भाव, कोण शिंकलं तेसुद्धा,
पण हशमतच्या टोपल्या त्यांना तीनच आठवतात.
दोघांचं चहा येईपर्यंत चाललं, चहानंतरही.

जे वाचलं ते सगळं डम्प करून
कोऱ्या डेटाबेसात भरायला लावलं. ते भरत होतं तोवर
कपाटातली लांब वही काढली, झुरळ झटकलं,
आणि लिहिलं:
बुधवार. हशमत सोलकर. सुरमई, टोपल्या चार.
खवळे म्हणतात तीन.
दोघांच्या सह्या.

आणि त्याखाली, त्याच शाईनं,
यूपीएसच्या बॅटरीसाठी अर्ज. सातवा.