काराकुम, मडगाव

खिळे मीच ठोकले, म्हणून सांगतो.
वाळवंट भिंतीवर चढलं तेव्हा सप्टेंबर होता,
दमट हवेनं उंटांच्या फोटोंच्या कडा वळत होत्या,
आणि ओगुलगेरेक रोज सकाळी
टिपकागदानं वाळू टिपायची.

तेलरंगात गालिचा विणणाऱ्या तिघी.
एकीच्या दातांत रुमालाचं टोक :
सासऱ्यासमोर बोलायचं नसतं म्हणे.
लोक तिथंच थांबत.

लिगोर पोदेर थांबला तो
अंगणातल्या मातीच्या भट्टीपाशी.
चाळीस वर्षं पाव भाजलेला माणूस.
काचेला नाक लावून म्हणाला,
"आच डावीकडून जास्त आहे."
तिला काय कळणार. हसली.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोई आणली, गरम,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
आणि टेबलावर ठेवली. पालथी.

तिनं दोन्ही हातांनी ती उचलली,
तान्ह्याची कूस बदलावी तशी
सुलटी केली.
मग तुकडा मोडला.

लिगोर परत भट्टीच्या फोटोकडे गेला.
फडक्यावर अकरा भाकऱ्या, बोट धरून मोजल्या.
सगळ्यांची तोंडं आभाळाकडे.

चित्रं गेली. खिळे अजून भिंतीतच आहेत.
परवा पहाटे लिगोरचा मुलगा
सायकलच्या टोपलीत पोया भरताना
बापाच्या शिव्या खात होता.