घुगनी राहिली

मी वजनमापे निरीक्षक.
पिशवीत शिक्का, हातोडी, पावतीबुक.
जीप चामोर्शीतच बसली,
म्हणून बुधवारी, बाजाराच्या दिवशी,
एसटीनं हरिनगरला उतरलो.

उतरताच नाकात शिरलं मोहरीचं तेल.
आमच्या अकोल्याकडं मोहरी म्हणजे
फोडणीतली चिमूटभर तडतड.
इथं अख्खा बाजार तिच्यात तळला जात होता.

ग्रामपंचायत कुठंय, विचारलं.
सायकलवरची पोरगी पाय न टेकता बोलली,
"बेगुनीपासून डावीकडं,
फुचक्याच्या मागून सरळ,
घुगनी संपली का पंचायत."

तसाच निघालो.

बेगुनी म्हणजे वांगं निघालं.
मला वांगं ठाऊक ते भरताचं,
तुरीच्या काड्यांवर भाजलेलं, शेतात, पंगतीनं.
चारुबाला मंडलनं ते कागदाइतकं पातळ चिरून
बेसनात बुडवलं होतं.
तिचा काटा तपासला, पाच ग्रॅम खोटा.
"ठाऊक हाय ना सायब," ती म्हणाली,
"म्हणून तं वरून एक टाकते."
आणि माझ्याही कागदावर टाकलं.

फुचक्याला पाणीपुरी म्हणालो
तर बिधान नावाचं पोरगं रुसलं.
"ते नागपुरात."
माझ्या शेजारी तानी आत्राम उभी,
पहाटेपासून जंगल चालून आलेली.
तिनं सहा खाल्ले, उरलेलं आंबट पाणी मागून प्याली,
आणि पदरातली ओंजळभर चारोळी
गाड्यावर ओतून गेली.
ओंजळ तिची, मोजणी त्याची,
दोघंही खूश.
नियमपुस्तिका दोनदा चाळली.

बाजार जिथं विरळ होतो
तिथं अंजनाखाली निरापद विश्वास.
गळ्यात पट्टा, पट्ट्याला पाटी, पाटीत मुरमुरे,
कांदा, भिजले चणे, खोबऱ्याची पातळ कापं.
"झाल?" त्यानं विचारलं.
मला वाटलं, झालं का म्हणतोय.
"नाही अजून," मी म्हणालो.
त्यानं मिरचीचा हात मागं घेतला.
जरा वेळानं पुन्हा, "झाल?"
"झालं, झालं," मी घाईनं.
मग त्यानं घातली. घालतच राहिला.

डोळे पुसत होतो तेव्हा दिसला डबा,
दुधाच्या पावडरीचा, काठ चेपलेला, चित्र उडालेलं.
त्यानंच तो मुरमुरे मोजायचा.
शिक्का नसलेलं माप, म्हणजे जप्ती.
"कॅम्पातला हाय बाबू," तो म्हणाला.
"रायपूरच्या पल्याड, मी सात वर्षांचा.
बाबा यातच तांदूळ घ्यायचा रांगेतून.
एक डबा, एक मानूस, एक दिस."

मी माझा काटा मांडला. डबा भरला, तोलला.
अठ्ठावन्न ग्रॅम.
पुन्हा भरला. एकसष्ट.
तिसऱ्यांदा चोपन्न.
निरापद हसला, दात पानानं लाल.
"तवाही असंच व्हायचं.
देनाऱ्याच्या मनावर."

हातोडी हातात होती.
मागं गिऱ्हाईक खोळंबलेलं, त्यात दोन लहान मुलं.
मी पावती लिहायला घेतली,
नाव, गाव, मापाचा प्रकार,
आणि मापाच्या प्रकाराशी पेन थांबलं.
डबा त्याच्या पाटीत परत ठेवला.
शिक्का मारला नाही. जप्तही केला नाही.
वरिष्ठांनी विचारलं तर काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही.

शेवटच्या एसटीत खिडकीशी बसून
कोन उलगडला.
कुणाच्या तरी वहीचं पान, चौथीतलं असावं.
"माझ्या गावात लहान नदी आहे.
आजोबांच्या गावात खूप मोठी नदी आहे."
पुढं तेल झिरपलेलं.
समासात बाईंची लाल शाई : कोणती?

कंडक्टर तिकिटं फाडत आला.
माझी पिशवी पाहून म्हणाला,
"झालं का काम, साहेब?"
ओठ अजून पेटलेले.

"घुगनी राहिली," मी म्हणालो.