वल्ह्याएवढं अंतर

सहाजण. सातवा आला तर त्यानं काठावरूनच हात करायचा.
यादी माझ्याकडे : नाव, फोन, निघायची वेळ.
एकवीस दिवस जपायची, मग फाडून टाकायची.
गाडीत दुसऱ्याला घ्यायचं नाही,
म्हणून खालच्या गावी गाड्या ठेवून यायचा जुना बेत रद्द :
आधी प्रवाहाविरुद्ध वर, दम संपेस्तोवर,
मग नदी आणेल तसं परत इथेच, श्रूझबरीला.

काकूच्या सोवळ्याला मी आयुष्यभर हसले,
आणि आता सेव्हर्नच्या काठी मीच ओरडतेय :
शिवू नका, त्याच्या कयाकला शिवू नका,
मध्ये एक वल्हं आडवं मावलं पाहिजे.

रोझलिंड एकोणसत्तर वर्षांची.
मार्चपासून दुधाच्या बाटल्यासुद्धा साबणानं धुते.
गवतावरून कयाक एकटीच ओढत आणते,
दहा पावलं, थांबते, दहा पावलं.
पूर्वी एकीला दोघं असायचे, पुढे एक, मागे एक.
आता मी हात पाठीशी बांधून उभी.
मदत न करणं शिकावं लागतं,
आणि नीट जमायला लागलं की लाज वाटते.

पाणी वेल्समधून येतं. तिकडे कालपासून सगळं बंद.
ग्विलिमचा निरोप : मी नाही येत,
माझ्या दारावरून गेलेलं पाणी तेवढं ओळखा.
तुंडेनं वल्हं बुडवून पाहिलं, म्हणाला,
हेच असेल, भलतंच गार आहे.

इंग्लिश ब्रिजच्या मधल्या कमानीखाली कॅलम उलटला.
सतरा वर्षांचा. हसत हसत उलटला,
वर आला तेव्हा हसू खालीच राहिलं होतं.

पायऱ्या मला पाठ होत्या, मीच लिहिलेल्या :
आधी त्यानं स्वतः पोहावं.
मग दोर.
मग फक्त होडी धरावी.
माणूस सगळ्यात शेवटी.

मी दोर फेकला. पडला त्याच्या बोटांच्या अलीकडे, हातभर.
बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ;
काडी कुठे पडते, ते म्हणीत नाही.

मी दोर गोळा करीपर्यंत रोझलिंड निघालीसुद्धा.
मला काही विचारलं नाही.
कयाकचं नाक तिनं त्याच्या छातीशी नेलं,
म्हणाली, धर.
आणि मग दोघांनीही तोंडं फिरवली,
तो डावीकडे, ती उजवीकडे,
भांडण झालेल्या शेजाऱ्यांसारखी,
काठाला लागेपर्यंत.

काठावर त्याचे दात वाजत होते.
तिनं आपला कोरडा स्वेटर गवतावर ठेवला, मागे सरली.
त्याच्या बोटांना बटणं सापडेनात.
तशी ती पुन्हा पुढे आली आणि तिनंच लावली,
श्वास रोखून, खालून वर.

रात्री फॉर्म भरला.
संपर्क झाला का? किती मिनिटं?
नदीतली चार लिहिली.
काठावरची मोजली नव्हती.
पाच बटणं होती, एवढंच लिहिलं.

चौदा दिवस रोज सकाळी रोझलिंडला फोन.
चहाची चव लागते ना?
लागते, ती म्हणायची, तू मात्र जरा झोप.
कॅलम फोन उचलत नव्हता,
त्याची आई म्हणायची, बरा आहे, शरमलाय.
मध्येच आमच्याकडेही कुलूप लागलं.
एकविसाव्या दिवशी यादी फाडली,
तुकडे एवढे बारीक केले
की कुणाचं नाव कुणाला लागून राहू नये.

आता नदीवर कुणी नाही.
मी परसात बादली ठेवते, पंधरा पावलांवर,
आणि दोर फेकते.
शेजारचे ओकली कुंपणावरून बघतात, बोलत नाहीत.
काल दहातले चार. आज सहा.
ओला दोर जड होतो,
म्हणून आधी भिजवून घेते.