पालच्या वाटेवर

गाडी मीच चालवतोय, सेकंड गिअरवर.
यामिनी मांडीवर वही घेऊन:
कोतवाल दोन, नीलपंख एक,
"सुतारपक्षी... लिहू की नको? नुसता ऐकला."

भाचा केनियातून हत्ती पाठवतो,
रोज सकाळी, फोनभर.
आमच्याकडे सागाची पानं,
ताटाएवढी, वाळलेली.
त्यांवरून मुंगूस गेलं तरी
आवाज हत्तीएवढा.

नाक्यावर छब्बीर तडवीनं विचारलं होतं,
"बिबट्या पाहिजे का साहेब?"
पाहिजे म्हणालो,
डझनभर केळी मागितल्यासारखं.

मग वळणावर, बोडक्या फांदीवर,
भर उन्हात रानपिंगळा.
इंजिन बंद केलं.
त्यानं मान फिरवली, आम्हाला पाहिलं,
पुन्हा नीट पाहिलं,
आणि नोंद केल्यासारखी
एकदाच पापणी मिटली.

यामिनीचं पेन उघडंच राहिलं.