हळदीचा डाग

वसमतला गाडी धुवायला येते
तेव्हा दार उघडायच्या आधीच मला कळतं
मालक मोंढ्यातला आहे का दुसरीकडचा.
काच खाली होते आणि वास येतो, शिजवलेल्या हळदीचा.
मग सापडत जातं एकेक :
गिअरच्या मुठीवर बोटं,
पट्ट्याच्या बक्कलवर अंगठा,
आणि मागच्या सीटवर, नमुन्याची पिशवी ठेवतात तिथं
ताटाएवढं पिवळं.

व्हिनाईल असलं तर घोर नाही.
ते कुणाचं काही मनाला लावून घेत नाही.
कोमट पाणी, दोन थेंब शाम्पू, मऊ ब्रश.
शाईची रेघ असली तर कापसावर स्पिरिट,
टिपायचं, घासायचं नाही.
पोरांनी चिकटवलेल्या च्युइंगमला बर्फाचा खडा.
पण चामडं पितं.
चहा पितं, घाम पितं, बाटलीतून सांडलेलं शेंगदाण्याचं तेल पितं
आणि वर तोंड पुसून बसतं.

पहिल्या वर्षी मला हे कुठं ठाऊक?
शिवहार उमरीकरांची नवी गाडी, सायीच्या रंगाच्या सीटा.
मुनीर चाचा जुम्म्याच्या नमाजला गेलेले.
मी कपड्याचा साबण घेतला, गुडघा रोवला
आणि घासला.
डाग लाल झाला.
पाणी लाल, फडकं लाल, माझी नखं लाल.
शेठ दाराला टेकून चहा पीत होते.
म्हणाले, "का रे, रगत काढलंस का तिचं?"
वाटलं पळत सुटावं
ते थेट टोकाईच्या डोंगरावर जाऊन बसावं.

चाचा आले. ओरडले नाहीत.
चपला काढता काढता म्हणाले,
"हळदीला खार लागला की कुंकू होतं बेटा.
तुझ्या आईला इचार."
लिंबू कापलं, अर्धं पाण्यात पिळलं,
ओलं फडकं डागावर नुसतं ठेवलं,
जसं तापातल्या माणसाच्या कपाळावर.
बघता बघता
कुंकवाची परत हळद झाली.
शेठच्या कपातला चहा थंड.

"आता उन्हात लाव गाडी. हळद कुणाला भीत नाही,
उन्हाला भिते."
चारी दारं उघडून रस्त्याकडेला तोंड करून लावली.
एप्रिल होता. पाणी दोन बादल्या,
तेही टँकरवाल्याच्या मर्जीतलं,
ऊन मात्र मागाल तेवढं.
तीन तासांत पिवळं उतरत गेलं,
आधी कडा, मग मधलं.

पण ऊन चामड्यालाही सोसत नाही.
हे चाचाला नाही, मला ठाऊक होतं.
माझा आजा, तुकडोजी कटके, कातडी कमवायचा,
ओढ्याच्या पल्याड, चुन्याच्या खड्ड्यापाशी,
तरवडाची साल, बाभळीची साल कुटून.
कुणी मोट उन्हात टाकून गेलं
की घरात येऊन शिव्या द्यायचा, बाहेर नाही.
मग करंजाचं तेल चोळत बसायचा तिला
लेकराच्या टाळूला चोळावं तसं.
त्याच्या हाताचा वास जायचा नाही.
हॉटेलात त्याचा कप निराळा, बाहेर,
कडुनिंबाला ठोकलेल्या खिळ्यावर.

करंजाचं तेल आमच्याकडं आजही असतं, म्हशीच्या जखमेला.
घरून आणलं, बोटभर, फडक्यावर.
आधी सीटच्या पाठीमागं, दिसणार नाही तिथं लावून पाहिलं,
मग पुढं, गोल गोल.
"हात हलका ठेव," शेठ म्हणाले,
"ओरिजिनल लेदर आहे."
मी वाकून नाक लावलं.
टेकायचं तेवढं अस्सल, म्हशीचं.
बाजूच्या पट्ट्या रेक्झिन.
बोललो नाही. साडेतीनशे रुपये होते.

शिलाईच्या दोऱ्यात थोडी हळद राहिली.
दोरा सुती, त्याला इलाज नाही. तसं सांगितलं.
शेठ आत बसले, एसी लावला,
एकदा श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला.
"वास कसला रे हा?"

म्हटलं, लेदरचा.

"वा," म्हणाले,
आणि काच वर केली, वास जाऊ नये म्हणून.